देवदूत की कुत्रा? माळ्यावरच्या दोन काळ्या तबकड्या

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला जायला लागल्यापासून माळे रिकामे होताहेत, आणि मला फोन येतात. "आजोबांच्या रेकॉर्डी सापडल्यात, कुत्र्याचं चित्र आहे. लाखभर येतील ना हो?"

बहुतेक वेळा नाही येत.

भोंग्यापुढे बसलेला कुत्रा म्हणजे एचएमव्ही, ग्रामोफोन कंपनीचा छाप. लाखेची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, दोन्ही बाजूंना गाणं. तीस-चाळीसच्या दशकांत या ढिगानं खपल्या. बालगंधर्वांचं पद असलं तरी ऐकायला सोनं, विकायला चणे-फुटाणे.

दुसरी तबकडीही तेवढीच काळी, तशीच लाखेची, म्हणून घोटाळा होतो. तिच्या लेबलावर पंखवालं बाळ तबकडीवर बसून पिसानं काहीतरी लिहितंय. ग्रामोफोन कंपनीचं हे कुत्र्याच्या आधीचं चिन्ह. पण नुसत्या देवदूतावर जाऊ नका, तो दुबाजू तबकड्यांवरही आहे. उलटून बघा. पाठ कोरी निघाली, तर मला रात्री बारालाही उठवा.

कारण ती बहुधा आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काही वर्षांतली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरात त्यानं गायिका गौहर जानचा आवाज धरला. लाख आपल्याकडचीच, पण तबकड्या छापायची सोय इथे नव्हती. मूळ ध्वनिमुद्रणं बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तबकड्या बनून परत यायच्या. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायची. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. त्याआधीच्या प्रती मुळात थोड्या, त्यात लाखेची तबकडी हातातून सुटली की पापडासारखी मोडते.

खरी किंमत मात्र आवाजाची. एकोणिसाव्या शतकात गळा घडलेल्या गायकांना ऐकायची हीच एक फट. संगीत नाटकांतले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. गाइसबर्गला जेमतेम दोन वर्षं उशीर झाला. हे आठवलं की मला अजून चुटपुट लागते.

गंमत म्हणजे महागडी तबकडी ऐकायला वाईट. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नसायचा, भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं, तबला कुठेतरी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा. स्वस्तातल्या कुत्रा-छापात तोच तबला स्वच्छ येतो.

अजून एक फसगत: जुनं गाजलेलं गाणं पुढे कुत्र्याच्या लेबलाखाली पुन्हा छापलं जाई. आवाज तोच, पण प्रत नंतरची, म्हणून भावही उतरलेला.

आणि हो, ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी चढली म्हणून स्पिरिटनं पुसू नका, लाख त्यात विरघळते. किंचित ओलं फडकं पुरे. एका कोऱ्या पाठीच्या तबकडीवर मी तो उद्योग करून बसलोय. लेबल शाबूत आहे, गाणं गेलं.