आधी नकाशा, मग कंपनी: घरी बनणाऱ्या अल्ट्रालाइट विमानांची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, नागपुरात हिंगणा रोडच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणे मामा, आम्ही चार पोट्टे मिळून अल्ट्रालाइट, म्हणजे एक-दोन माणसांचं अगदी हलकं विमान बनवायचं म्हणतोय, कोणत्या कंपनीची किट (घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच) चांगली ते सांग. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय, कारण किट कोणती हा प्रश्न फार पुढचा आहे. या विमानांमध्ये कंपनी नेहमी उशिराच आली, आधी कुणीतरी एक माणूस आपल्या शेडमध्ये ठोकठाक करत बसायचा, ते उडालं की बाकीचे म्हणायचे आम्हालाही दे, आणि मग कुठं कंपनीची पाटी लागायची.

सुरुवात सांतोस-द्युमाँपासून करावी लागते. माणूस ब्राझीलचा, राहायचा पॅरिसमध्ये, आणि १९०७ ते १९०९ या काळात त्याने ‘दमोआझेल’ नावाचं एवढंसं विमान बनवलं. फ्रेंचमध्ये हे नाव चतुराच्या एका जातीचं आहे, पावसाळ्यात सोनेगाव तलावाच्या काठाला भिरभिरताना दिसतात ना ते चतुर. अंगाचा सांगाडा बांबूचा, पंखांवर रेशमी कापड, आणि पायलट पंखाखाली चाकांच्या मधोमध जवळजवळ जमिनीला टेकून बसलेला. ज्यांच्या घरी गडचिरोली-चंद्रपूरच्या बांबूचं काही ना काही असतंच त्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, हलका, लवचिक, आणि मोडायच्या आधी कुरकुरून सांगतो. पण माझ्यासाठी बांबूपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याने पेटंट घेतलंच नाही, नकाशे सगळ्यांना खुले करून टाकले आणि १९१० मध्ये ते ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकात छापूनही आले. म्हणजे विमानाचा शोध लागून सात वर्षं होत नाहीत तोच घरी विमान कसं बनवायचं हे कुणालाही विकत घेऊन वाचता येत होतं.

मग अमेरिकेत मिनेसोटातल्या एका खेड्यात बर्नार्ड पीटनपोलने १९२९ च्या सुमारास एअर कॅम्पर बनवलं, लाकूड, कापड आणि इंजिन चक्क फोर्ड मॉडेल ए गाडीचं. विमानाचं इंजिन परवडत नाही तर जे गावात मिळतं ते लावू, हा विचार इथून पक्का झाला आणि पुढची सगळी गोष्ट या इंजिनाभोवतीच फिरते.

फ्रान्समधला आंरी मिन्ये मात्र वेगळाच धडा ठेवून गेला. १९३३ मध्ये त्याचं ‘पू-द्यू-सिएल’ म्हणजे आभाळातली ऊ उडालं, इंग्रजीत त्यालाच फ्लाइंग फ्ली म्हणतात. त्याने स्वतःच पुस्तक लिहून बनवायची रीत सांगितली आणि फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोकांनी घराघरात ते बनवायला घेतलं. एकामागे एक असे दोन पंख, पुढचा पंखच वरखाली कलायचा, एलरॉन म्हणजे विमान डावीकडे-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपा वेगळ्या नाहीत, चालवायला सोपं. पण नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की दोन्ही पंखांमधली हवा अशी काही वागायची की दांडा कितीही ओढा, नाक वर येतच नव्हतं. माणसं मेली, विंड टनेलमध्ये (वारा सोडून विमान तपासायच्या बोगद्यात) चाचण्या झाल्या, ब्रिटनमध्ये उडवायला बंदी आली. मिन्येने पुढे पंखांमधलं अंतर बदलून दोष काढला, पण तोवर घरगुती विमान म्हणजे मरण असं लोकांच्या डोक्यात बसलं ते बरीच वर्षं निघालं नाही. भाच्याला मी पहिल्यांदा हेच वाचायला सांगितलंय, कारण मिन्ये खोटा माणूस नव्हता, त्याचं स्वतःचं विमान उडत होतं, तरी दुसऱ्याच्या हातात नकाशा देताना फक्त ‘माझं उडालं’ एवढं पुरत नाही.

युद्धानंतर १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नीने मिलवॉकीत ईएए ही घरी विमान बनवणाऱ्यांची संघटना काढली, तिचा ऑशकॉशचा मेळा आजही भरतो. त्याआधीच दुसरीकडे अमेरिकेत फ्रान्सिस रोगालो आणि त्याची बायको गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये मऊ कापडी पंख शोधून काढला होता, पहिलं मॉडेल स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून तिनेच शिवलं. नासाने जेमिनी यान उतरवायला हा पंख तपासला आणि शेवटी पॅराशूटच ठेवलं, पण ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सनने १९६३ मध्ये त्यावरून हँग ग्लायडर, म्हणजे माणसाने लटकून उडवायचा बिनइंजिनाचा पंख बनवला आणि डोंगरावरून पळत सुटायचा खेळ जगभर गेला.

आता डोंगर सगळ्यांकडे नसतात. विस्कॉन्सिनच्या जॉन मूडीने दुपंखी हँग ग्लायडरला गो-कार्टच्या जातीचं लहानसं इंजिन बांधलं आणि १९७६ मध्ये ऑशकॉशला सगळ्यांसमोर पायाने पळत उडून दाखवलं. मला विचाराल तर अल्ट्रालाइटचा जन्म तो. त्यानंतर पाच-सहा वर्षांत अमेरिकेत कंपन्यांचं पीक आलं. आयपर कंपनीचं क्विकसिल्व्हर हँग ग्लायडरच होतं, त्याला इंजिन, मग चाकं, मग सीट असं करत ते विमान झालं आणि पुढे पंधरा हजारांवर विकलं गेलं. पेनसिल्व्हेनियाच्या होमर कोल्बने तर मूडीच्याही आधी, १९७० मध्ये आपलं विमान स्वतःपुरतं बनवून ठेवलं होतं, कंपनी दहा वर्षांनी काढली, त्याच्या विमानांचे पंख दुमडून ट्रेलरवर घरी नेता येतात. चक स्लुसार्झिकचं सीजीएस हॉक हे अल्ट्रालाइट १९८२ चं.

त्याच वर्षी अमेरिकेत पार्ट १०३ नावाचा नियम आला: एक सीट, रिकामं वजन ११५ किलोच्या आत, पेट्रोल १९ लिटर, वेग ताशी साधारण १०२ किलोमीटरच्या वर नाही. यात बसलं तर लायसन्स नको, रजिस्ट्रेशन नको. एवढा साधा नियम विमानाच्या जगात दुसरा नसेल.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते वीडहॉपर. यूटामध्ये जॉन चोटिया नावाच्या इंजिनियरने सत्तरच्या दशकाच्या शेवटी बनवलं, ॲल्युमिनियमचे पाइप, वर डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचं शिवलेलं कापड, खोळ घातल्यासारखं चढवायचं. इंजिनही त्याने स्वतःचं काढलं, एका सिलिंडरचं. १९८१ मध्ये स्वतःच्याच डिझाइनचं विमान उडवताना तो गेला. कंपनी डळमळली, हात बदलत राहिली, पण ते पाइप-आणि-खोळवालं डिझाइन फ्रान्समध्ये पोचलं, तिथं सुधारलं, आणि त्याच घराण्यातलं एक्स-एअर बनलं कुठं, तर बंगळूरला! जोएल कोक्लँ या फ्रेंच माणसाने तिथं काढलेल्या राज हंस अल्ट्रालाइट्सने ते बनवून युरोपात पाठवलं, पुढच्या एका मॉडेलचं नाव तर हनुमान. यूटाच्या माणसाचं विमान बंगळूरच्या कारागिरांच्या हातून फ्रान्सच्या आकाशात, आणि आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे?

आता इंजिन. ज्यांनी लुना, चेतक किंवा आरएक्स चालवलीय त्यांना टू-स्ट्रोक शिकवायला नको, पंपावर टू-टी ऑइल टाकून घ्यायचं, कमी पडलं की उन्हाळ्यात वर्धा रोडला पिस्टन पकडलाच म्हणून समजा. रस्त्यावर गाडी बाजूला घेता येते. अल्ट्रालाइटची जुनी इंजिनं याच जातीची, कुठलं गो-कार्टचं, कुठलं बर्फावरच्या स्नोमोबाइलचं. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं ५०३ सगळ्यात जास्त चाललं, दोन सिलिंडर, साधारण ५० एचपी, पन्नासास एक ऑइल. पण टू-स्ट्रोक इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये रोटॅक्सनेच बजावून ठेवलंय की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, तेव्हा इंजिनाशिवाय सुखरूप उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. पुढे रोटॅक्सचंच ९१२ आलं, फोर-स्ट्रोक, ८० एचपी, आणि ही विमानं खऱ्या अर्थाने भरवशाची झाली.

याच्या उलट जिम बीडचं बीडी-५. दिसायला गोळीसारखं, १९७१ मध्ये पहिल्यांदा उडालं, लोकांनी रांगा लावून पैसे भरले, हजारो किटा गेल्या, पण ठरलेलं इंजिनच मिळेना, इंजिनवाली जर्मन कंपनी बुडाली आणि पाठोपाठ बीडची कंपनीही. कित्येकांच्या गॅरेजमध्ये इंजिनाविना सांगाडा राहिला. अमेरिकन डिझायनर बर्ट रुटानने १९८५ मध्ये आपल्या विमानांचे नकाशे विकणं थांबवलं, पण विकत घेतलेल्यांना मदत सुरू ठेवली म्हणून त्याची लाँग-ईझी विमानं आजही उडतात. त्याच डिझाइनवर बंगळूरच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेने १९८७ मध्ये आपलं हलकं कॅनार्ड (छोटा पंख पुढे असलेलं) विमान उडवलं होतं, तिथूनच पुढे १९९३ चं हंसा हे विमान आलं.

आपल्याकडे लोकांना मायक्रोलाइट (अल्ट्रालाइटचंच दुसरं नाव) हा शब्द कळला तो बहुतेक विजयपत सिंघानियांमुळे, १९८८ मध्ये ते ब्रिटनहून भारतात शॅडो मायक्रोलाइटने आले. आणि आज एनसीसीच्या एअर विंगची मुलं ज्यात बसतात ते व्हायरस एसडब्ल्यू ८० स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलचं, हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी मिळून १९४ विमानांची ऑर्डर २०१५ ला गेली. ही कंपनीही तशीच, इव्हो बोस्कारोल युगोस्लाव्हियाच्या काळात कंपनी निघायच्या आधीपासून संध्याकाळी इंजिन लावलेले ग्लायडर उडवायचा, खालून लोकांना वटवाघुळ वाटायचं, म्हणून वटवाघळाचं लॅटिन नाव कंपनीला.

घरी बनवणारेही आहेत आपल्यात. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर विमान उभं केलं, सहा सीटचं, म्हणजे अल्ट्रालाइट नव्हे पण जिद्द तीच. २०१७ मध्ये रजिस्ट्रेशन झालं आणि उडायला २०२० उजाडलं, तेही धुळ्याला. पार्ट १०३ सारखी मोकळीक आपल्याकडे नाही, डीजीसीए या केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचं रजिस्ट्रेशन, लायसन्स, सुरक्षेच्या परवानग्या हे सगळं लागतं आणि त्यात सोनेगावसारखं विमानतळ उशाला असेल तर विचारूच नका.

परवा भाचा घरी आला तेव्हा त्याला काकांकडे घेऊन गेलो, काका हवाई दलातून रिटायर झालेले एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे, आता ऐंशीच्या घरात. किटाचं नाव त्यांनी विचारलंच नाही. आतून दोन बोल्ट, लॉकिंग वायर आणि पक्कड घेऊन आले आणि वायर ओवून पिळून दाखवली, अशी की एक बोल्ट सैल व्हायला गेला तर तीच वायर दुसऱ्याला आवळायच्या बाजूने ओढेल. मग ती कापून टाकली आणि पक्कड त्याच्या हातात दिली. चौथ्या खेपेला त्याची वायर काकांनी नखाने दाबून पाहिली, हलली नाही. म्हणाले, आता अशा दोनशे कर आणि मग नकाशा आण.