ओहोटीला किती वेळ मिळेल?

गोव्यात नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीला खाजन म्हणतात. खाजनाचा जीव मानशीत, म्हणजे बांधातल्या पाणदारात, असतो. बांधातली तिची लाकडी दारं भरती-ओहोटीच्या जोरावर हलतात. नदी चढली की पाण्याचा रेटा ती बाहेरून दाबून मिटतो. नदी उतरली की आत साचलेलं पाणी तीच दारं ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, वीज नाही. गावकारीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या जुन्या व्यवस्थेच्या, काळापासून मांडवी-झुवारीच्या काठची हजारो हेक्टर जमीन या युक्तीने खाऱ्या पाण्यापासून राखली गेली आणि तिथे खारेपणा सोसणारा कोरगुट तांदूळ पिकला.

चोडण किंवा दिवाडी बेटावरच्या अशा एखाद्या खाजनात २०७० साली काय असेल? शास्त्रज्ञाला याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण निम्मं उत्तर समुद्राच्या हाती आहे आणि निम्मं आपल्या. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या पर्यावरण-संशोधनात भविष्यचित्रं रेखाटतात. ती भाकितं नव्हेत. माणसं अशी वागली तर निसर्गाचं काय होईल आणि तशी वागली तर काय, हे प्रत्येक चित्रात शेवटपर्यंत तपासून पाहायचं असतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा तळ्याच्या परिसरासाठी २०७० सालापर्यंतच्या अशा चार कथा लिहिल्या गेल्या. शेती, वस्ती आणि कारभार प्रत्येकीत वेगळा होता. मग त्या कथा आकड्यांत उतरवून संगणकी प्रतिमानांतून चालवल्या. हे जमलं ते जुन्या नोंदींमुळे. त्या तळ्यावर बर्फ कधी धरतो आणि कधी सुटतो, हे १८५०च्या दशकापासून लिहिलेलं आहे. शेतांतून येणाऱ्या फॉस्फरसचाही अभ्यास अनेक वर्षं चालू आहे. खत आज कमी केलं तरी मातीत साठलेला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षं तळ्यात उतरत राहतो. पाच वर्षांच्या प्रकल्पात असली गोष्ट हाती लागणं कठीण.

आता आपल्या मानशीकडे येऊ. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालानुसार, १९९५ ते २०१४च्या सरासरीच्या तुलनेत २१००पर्यंत जगाची समुद्रपातळी २८ ते ५५ सेंटिमीटर वाढेल, पण तेही हरितगृह वायूंचं उत्सर्जन अगदी कमी राखलं तर. ते अतिशय वाढलं, तर वाढ ६३ ते १०१ सेंटिमीटरांची. हे ऐकून आपण लगेच बांधाच्या उंचीचा विचार करतो. मला जास्त काळजी ओहोटीची वाटते. शेतातलं पाणी बाहेर पडतं ते नदी शेतापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ. समुद्र चढला की प्रत्येक ओहोटीतला हा वेळ आखडतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. ते सगळं पाणी त्या आखडलेल्या वेळात निघायला हवं. म्हणजे समुद्र बांधावरून आत आला नाही, तरी पावसाच्याच पाण्याने भात कुजू शकतं.

समुद्र दोन गावांत सारखाच चढला तरी त्यांचं भविष्य वेगळं होऊ शकतं. एका गावात बांधाला पडलेलं भगदाड आठवड्यात बुजवतात. दुसऱ्यात कुळांच्या संघाकडे माणसंच उरलेली नाहीत आणि मानशीवरची मासळी पकडण्याचा लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत यायलाच हवं आहे. काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. हे निव्वळ नुकसान नव्हे: खारफुटीत माशांची पिल्लं वाढतात, लाटांचा जोर मोडतो, चिखलात कार्बन साठतो. पण भात जातं आणि लगतच्या विहिरी खारट होण्याचा धोका वाढतो. परतीची वाटही अवघड, कारण वाढलेल्या खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. दुसऱ्या गावाने हे ठरवून निवडलं असतं तर वेगळी गोष्ट. इथे ते कुणी निवडलेलंच नाही, आणि हे समुद्रपातळीच्या आलेखात कुठेच दिसत नाही.

म्हणून ही चित्रं प्रयोगशाळेत एकट्याने काढू नयेत असं मला ठामपणे वाटतं. मानस सांभाळणारा, कूळ, पागी म्हणजे मासेमार, कोमुनिदाद या गावजमिनीच्या संस्थेचा कारकून हे सगळे त्या बैठकीत हवेत. दार कोणत्या उधाणाला गळतं, कुठल्या कोपऱ्यात मीठ आधी फुटतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. भारताने २०१५ साली दीर्घकालीन परिसंस्था-निरीक्षणाचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात पश्चिम घाटही आहे. खाजनासाठी सुरुवात त्याहून साधी होऊ शकते: मानशीच्या आत एक मोजपट्टी, बाहेर एक, आणि रोज ओहोटीला दार किती वाजता उघडलं व किती वाजता मिटलं हे लिहायला एक वही.