डायलिसिस तंत्रज्ञ

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याचे (हीमोडायलिसिस) काम प्रत्यक्ष पार पाडणारा प्रशिक्षित आरोग्यकर्मी. उपचार किडनीविकारतज्ज्ञ ठरवतात. पण सुई टोचल्यापासून ती काढेपर्यंतचे सुमारे चार तास रुग्ण तंत्रज्ञाच्या हवाली असतो. आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षे ही गाठ पडत असल्याने रुग्णाला घरच्यांखालोखाल ओळखणारा माणूस बहुधा हाच.

डच डॉक्टर विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाचे डायलिसिस यंत्र वापरात आणले. पुढे १९६६ मध्ये मनगटाजवळची धमनी आणि शीर जोडून ‘फिश्चुला’ करण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. त्यामुळे एकाच हातात पुन्हा पुन्हा सुया घालणे शक्य झाले.

तंत्रज्ञाचा कस लागतो तो या फिश्चुलावर. बोटे टेकवली की कातडीखाली मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागते. ती लागली नाही, तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घेऊन सुई बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांना बोलवायचे. त्याच त्या जागी टोचत राहिल्यास शीर फुगते, म्हणून जागा बदलत जावे लागते. ज्याचा हात हलका, त्याच्यासाठी रुग्ण थांबून राहतात. “दादा, तुम्हीच टोचा” हे वाक्य डायलिसिस विभागात नेहमी कानावर पडते.

पाण्याचे काम मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. यंत्रातून साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर, पाण्यापासून बनवलेला द्रव वाहतो. चार तासांत १२० लिटर. हा द्रव आणि रक्त यांच्यात एका पातळ पडद्याचेच अंतर असते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन पिताना बाधत नाही, पण पडदा ओलांडून रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आरओ प्लांट आणि कार्बन फिल्टर हवेत, आणि रुग्ण यंत्राला जोडण्याआधी क्लोरीनची चाचणीही हवी. घाईच्या सकाळी हीच चाचणी टाळण्याचा मोह होतो, आणि ती कधीही टाळू नये.

डायलिसिस सुरू झाल्यावर रक्तदाब, नळ्यांमधील दाब, हवेचे बुडबुडे आणि रुग्णाच्या शरीरातून काढलेले जादा पाणी यांच्यावर लक्ष ठेवायचे. यंत्र अलार्म देते, पण माणूस त्याआधीच खूण देतो. गप्पा मारणारे काका एकाएकी गप्प झाले, जांभया देऊ लागले, कपाळावर घाम आला, की रक्तदाब उतरत असल्याचे समजावे. पाणी काढणे थांबवायचे, पाय उंच करायचे, गरजेप्रमाणे सलाईन द्यायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. एकाच तंत्रज्ञाकडे फार यंत्रे सोपवली की आधी निसटते ती ही जांभई.

हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. त्यामुळे अशा रुग्णांचे यंत्र वेगळे ठेवतात आणि तंत्रज्ञाने स्वतः लस घेतलेली असावी लागते.

महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रमात हा विषय शिकवला जातो. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर जिल्हा रुग्णालयांतही या कामाची गरज वाढली.

शेवटी सुया काढून त्या जागा काही मिनिटे दाबून धरतात, पुन्हा थरथर पाहतात आणि रुग्णाला वजनकाट्यावर उभे करतात. रुग्ण खाटेवरून उठला की यंत्राचे निर्जंतुकीकरण सुरू होते, कारण पुढच्या शिफ्टचा रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो.