सामाजिक सर्वेक्षण

समाजातील सर्व किंवा निवडक कुटुंबांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत व त्याच क्रमाने विचारून, मिळालेल्या उत्तरांची आकड्यांत मांडणी करण्याची संशोधनपद्धती. समाजशास्त्रातील संख्यात्मक पद्धतींत ती सर्वांत जास्त वापरली जाते. सगळ्यांना विचारले तर ती गणना होते, काहींनाच विचारले तर नमुना सर्वेक्षण.

आरंभीचे अभ्यासक नमुन्यावर विश्वास ठेवत नसत. सीबोम राउंट्री याने 1899 मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरातल्या 11,560 कामगार कुटुंबांची माहिती घरोघर माणसे पाठवून जमवली. त्याआधी 1895 मध्ये नॉर्वेच्या आंदर्स किएर याने, थोडी पण नीट निवडलेली माणसे साऱ्या देशाचे चित्र देऊ शकतात असे बर्न येथील संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडले होते, तेव्हा त्याला विरोधच झाला. पुढे आर्थर बाउली याने 1912 मध्ये रेडिंग शहराचा अभ्यास नमुन्यावरून केला आणि पद्धत रुळू लागली.

शितावरून भाताची परीक्षा हे तत्त्व मराठी घरात नवे नाही. पण समाजाचा भात सारखा शिजलेला नसतो. कुठे कच्चा, कुठे तळाला लागलेला. म्हणून आधी गाव-शहर, जमीनधारणा, उत्पन्न अशा थरांत विभागणी करतात आणि प्रत्येक थरातून यादृच्छिक, म्हणजे निवडणाऱ्याच्या मर्जीला वाव न देता, कुटुंबे उचलतात. थर न पाडता केलेल्या साध्या यादृच्छिक निवडीत 1,000 जणांचा नमुना टक्केवारीत साधारण 3 टक्क्यांच्या आतबाहेरची चूक देतो, मग लोकसंख्या 1 लाख असो की 10 कोटी. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. निवड बिघडली तर मात्र आकार कामी येत नाही. अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने टेलिफोन व मोटारधारकांच्या याद्यांवरून सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि अंदाज निघाला रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांच्या विजयाचा. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 साली प्रसिद्ध झाला. 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची पाहणी हाती घेतली. तिचे दोन भाग 1945 व 1952 मध्ये निघाले. देशपातळीवर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. महालनोबिस यांची एक युक्ती आजही शिकण्यासारखी आहे: नमुन्याचे स्वतंत्र भाग करून ते वेगवेगळ्या पथकांना द्यायचे. निष्कर्षांत फार तफावत पडली, तर पथकांच्या कामात काही गफलत आहे का हे तपासता येते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी त्यांच्याशीच वाद घातला. उत्पादनाचा अंदाज घेण्यासाठी कापायचा म्हणून शेतात आखलेला तुकडा फार लहान असेल, तर कापणारे कडेवरची रोपे आत धरतात आणि उत्पादन फुगते, हा त्यांचा आक्षेप होता. वाद पिकाचा, पण माणसांच्या मोजणीतही ‘कडेवरचे’ कुणाला धरायचे हाच प्रश्न छळतो.

कुटुंब म्हणजे काय, इथूनच त्याची सुरुवात होते. पाहणीच्या व्याख्येत कुटुंब हे रक्ताच्या नात्यावर ठरत नाही, ते एकत्र राहणे आणि एका चुलीवर जेवणे यावर ठरते. एकाच वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या असतील तर ती दोन कुटुंबे. मुंबईत राहून दरमहा पैसे पाठवणारा मुलगा घरच्यांच्या लेखी घरचाच असतो, पाहणीच्या छापील प्रश्नपत्रकात, म्हणजे अनुसूचीत, तो बसत नाही.

आकडा प्रश्नाच्या शब्दांवर किती अवलंबून असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण दारिद्र्याच्या मोजणीत सापडते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये रोजचे 2,250 उष्मांक हा निकष धरला आणि 1960–61 च्या किमतींना दरडोई मासिक खर्चाची रेषा ग्रामीण भागात 15 रुपये, शहरात साडेबावीस रुपये अशी आखली. तिच्याखाली सुमारे 40 टक्के ग्रामीण आणि 50 टक्के शहरी लोक आले. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1999–2000 मधील 55व्या फेरीत अन्नावरील खर्चासाठी ‘गेले 7 दिवस’ आणि ‘गेले 30 दिवस’ असे दोन्ही रकाने एकाच कुटुंबापुढे ठेवले गेले. सात दिवसांचा खर्च विचारला की महिन्याच्या हिशेबाने तो जास्त भरतो, हे आधीच्या चाचणी फेऱ्यांत दिसले होते. दोन्ही एकदम विचारल्यावर लोक एका उत्तराशी दुसरे जुळवून घेणार, हे उघड होते. अधिकृत दारिद्र्य 1993–94 मधील 36 टक्क्यांवरून 26 वर आले, पण त्यातली किती घट खरी आणि किती रकान्यांनी घडवलेली, यावर अर्थतज्ज्ञांत कित्येक वर्षे वाद चालला. नमुन्याच्या गणितात इथे खोट नव्हती.

उत्तरांचे पर्याय न देता मुक्त प्रश्न विचारून हा तिढा सुटत नाही, उलट वाढतो. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत जातीचे नाव सांगितले तसे लिहून घेतले. 1931 च्या जनगणनेत 4,147 जाती नोंदल्या होत्या. या वेळी 46 लाखांवर नावे जमली. उपजात, गोत्र, आडनाव आणि लिहिण्यातल्या चुका, सगळे वेगवेगळे मोजले गेले. एकट्या महाराष्ट्रात, जिथे मागास प्रवर्गांच्या अधिकृत याद्यांत 494 जाती आहेत, तिथे सव्वाचार लाखांहून अधिक नावे निघाली आणि त्यांतील बहुतेकांची लोकसंख्या शंभराच्या आत होती.