लेजिओनेला न्यूमोफिला

गोड्या पाण्यात राहणारा ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनाचा जांभळा रंग न टिकवणारा), दंडाकार जिवाणू. तळी व नद्यांत तो अल्प प्रमाणात असतो. मात्र इमारतींचे कूलिंग टॉवर (वातानुकूलनाचे पाणी थंड करणारे मनोरे), गरम पाण्याच्या टाक्या व नळयोजना यांत कोमट पाणी साचून राहिल्यास तो झपाट्याने वाढतो. त्याच्यामुळे लेजिओनेअर रोग हा तीव्र न्यूमोनिया व पाँटिॲक ज्वर हा सौम्य आजार होतो.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. त्यानंतरच्या साथीत सुमारे २२० जण आजारी पडले व ३४ दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील (सीडीसी) शास्त्रज्ञ मॅकडेड व शेपर्ड यांनी गिनीपिग आणि कोंबडीची भ्रूणयुक्त अंडी वापरून जिवाणू वेगळा केला. हे जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झाले. साथीचा उगम कूलिंग टॉवरमध्ये होता, असे अनेकदा ठामपणे लिहिले जाते. परंतु मूळ तपासात तसा थेट पुरावा हाती आला नव्हता. रोग्यांचा लॉबीतील वावर इतरांपेक्षा अधिक होता, तसेच हॉटेलात पाऊल न टाकता केवळ लगतच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात असलेले काही जणही आजारी पडले. या दुसऱ्या गटाचा उलगडा पिण्याच्या पाण्यापेक्षा हवेतील तुषारांनी अधिक समाधानकारक होतो. त्यामुळे टॉवरचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. जिवाणू मात्र त्याहून जुना असून, १९६८ मध्ये मिशिगनमधील पाँटिॲक येथे आलेल्या ज्वराच्या साथीशी त्याचा संबंध जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून नंतर जुळला.

पाण्यातील अमीबा त्याला गिळतात, पण तो पचला न जाता त्यांच्यातच वाढतो. ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोबॉटम यांनी १९८० मध्ये हे दाखविले. माणसाच्या फुप्फुसातील, जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींतही तो हाच मार्ग अवलंबतो. नेहमीच्या पोषक माध्यमांवर तो उगवत नाही. सिस्टीन, लोह व कोळशाची पूड असलेल्या काळ्या आगरवर (जेलीसारख्या घट्ट माध्यमावर) काही दिवसांनी करड्या-पांढऱ्या, कापलेल्या काचेसारखी झाक असलेल्या वसाहती दिसतात.

टॉवरमध्ये पाणी खाली झिरपत असताना पंख्याने हवा खेचली जाते व सूक्ष्म थेंब तिच्याबरोबर बाहेर पडतात. फ्रान्समधील पा-द-काले येथील २००३–०४ च्या साथीत ते काही किलोमीटर पसरल्याचे अनुमान आहे. वृद्ध, धूम्रपान करणारे व प्रतिकारशक्ती क्षीण असलेले यांना धोका अधिक. माणसाकडून माणसाला लागण जवळजवळ होत नाही. पोर्तुगालमधील २०१४ ची एक घटना संभाव्य अपवाद मानली जाते. जिवाणू पेशींच्या आत असल्याने पेनिसिलीन निरुपयोगी ठरते. ॲझिथ्रोमायसीन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके देतात.