फरशीखालची माती : शहरी मोकळ्या जागांची दुर्लक्षित पार्श्वभूमी

एखाद्या नव्या चौकात दहा वर्षांपूर्वी लावलेली झाडं आजही मनगटाएवढ्याच खोडाची दिसतात. त्याच जातीचं झाड शेजारच्या हिरवळीवर मात्र दुमजली उंची गाठून बसलेलं असतं. पाणी, खत, रोपाची प्रत सगळं सारखं. फरक असतो तो फरशीखाली. सार्वजनिक जागांच्या रचनेबद्दल बोलताना आपण वाटा, बाकं, कारंजी यांत रमतो, पण या जागा टिकल्या किंवा फसल्या त्या बहुतेक वेळा जमिनीखालच्या दोन-तीन फुटांत.

सुरुवातीच्या उद्यानकारांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या वाट्याला आलेली जमीनच टाकाऊ होती. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क 1847 मध्ये खुलं झालं. सार्वजनिक पैशातून उभारलेलं ते पहिलं नागरी उद्यान मानलं जातं. त्याचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन याला मिळालेली जागा दलदलीची होती. त्याने आधी निचऱ्याची सोय केली, पाणी तळ्यांत नेलं आणि तळी खणताना निघालेल्या मातीचे उंचवटे रचले. आज जे ‘निसर्गरम्य’ वाटतं ते खरं तर खोदकामाच्या मातीचा हिशेब आहे. 1850 मध्ये, पुढे अमेरिकेतला नामवंत उद्यानरचनाकार झालेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने हे उद्यान पाहिलं आणि तो भारावून गेला. पुढे 1858 मध्ये त्याने आणि वास्तुरचनाकार कॅल्व्हर्ट व्हॉक्सने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला, तेव्हा तिथेही खडक आणि चिखलच होता. निचऱ्याचं काम जॉर्ज वेअरिंग या अभियंत्याकडे आलं. त्याने भाजलेल्या मातीच्या नळांचं मैलोन्‌मैल जाळं जमिनीखाली घातलं. वरची सुपीक माती कमी पडली म्हणून ती बाहेरून आणावी लागली. लँडस्केप आर्किटेक्ट हे बिरुद ज्यांच्यामुळे रूढ झालं, त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाचा मोठा भाग असा कुणाला न दिसणारा होता.

पाण्याचं गणित बदललं की रचना कशी कोसळते, हे बॉस्टनमध्ये दिसलं. बॅक बे फेन्स हा भाग ओल्मस्टेडने भरतीचं खारं पाणी सामावणारी पाणथळ जागा म्हणून घडवला होता. 1910 मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, खारं पाणी येणं बंद झालं आणि खाऱ्या पाण्यावर जगणारी मूळ लागवड नष्ट झाली.

रस्त्याकडेच्या झाडांची कथा वेगळी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे बुलेव्हार, म्हणजे झाडांच्या रांगांचे रुंद रस्ते, आखले जात होते, तेव्हा शहराच्या उद्यानांचं काम पाहणारा अभियंता आल्फाँ याच्या हाताखाली झाडांच्या आळ्यांवर ओतीव लोखंडाच्या जाळ्या बसवल्या गेल्या. हेतू साधा होता : माणसं वरून चालोत, पण माती तुडवली जाऊ नये आणि पाणी आत जावं. पुढे जगभर ही जाळी उचलली गेली आणि तिच्याखालच्या मातीचा विचार मागे राहिला.

अडचण मुळातच परस्परविरोधी आहे. फरशी खचू नये म्हणून तिच्याखालचा थर साधारणपणे प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 95 टक्क्यांपर्यंत दाबतात. झाडाच्या मुळाला मात्र भुसभुशीत माती हवी. चिकणमातीची कोरडी घनता घनसेंटिमीटरला 1.4 ते 1.5 ग्रॅमच्या पुढे गेली की मुळं अडतात. वाळूमिश्रित मातीत ही मर्यादा 1.7 च्या आसपास असते. मग मुळं कुठे जातात? फरशी आणि दाबलेल्या थराच्या मधल्या फटीत, जिथे ओलावा साचतो आणि हवा मिळते. तिथे ती जाड होतात आणि फरशी उचलतात. दोष झाडाला दिला जातो, मुळं छाटली जातात आणि पुढच्या वादळात झाड आडवं होतं.

1961 मध्ये न्यूयॉर्कने नियम केला की इमारतीसमोर खुला चौक सोडला तर जादा बांधकाम मिळेल. चौक भरपूर झाले, पण बरेचसे ओसाड. शहरी जागांचा अभ्यासक विल्यम व्हाइट याने तासन्‌तास चित्रीकरण करून लोक कुठे बसतात, कुठून निघून जातात हे तपासलं, आणि 1975 मध्ये नियम सुधारले गेले. दर 30 चौरस फूट चौकामागे एक फूट लांबीची बैठक हवी, ही त्यातली अट सर्वांना माहीत असते. झाडांची अट तितकीच महत्त्वाची होती : प्रत्येक झाडाला किमान 200 घनफूट माती आणि साडेतीन फूट खोली. नियमात मातीचा आकडा लिहिला जाणं ही मोठी गोष्ट होती. तरी तो अपुराच होता. आजचा ढोबळ आडाखा असा, की पूर्ण वाढलेल्या पर्णसंभाराच्या सावलीच्या दर चौरस फुटामागे दोन घनफूट माती लागते. म्हणजे 200 घनफुटांत जेमतेम 11 फूट व्यासाचा घेर पोसला जातो. 25 फूट घेराला जवळपास 1000 घनफूट हवेत. आणि आजही सर्रास दिसणारा चार बाय चार फुटांचा, तीन फूट खोल खड्डा? फक्त 48 घनफूट.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाबलेला थर की भुसभुशीत माती या कोंडीवर एक उपाय तयार झाला. 20 ते 40 मिलिमीटरची टोकदार खडी आणि चिकण पोयटा वजनाने साधारण 80 ला 20 या प्रमाणात मिसळायचा, आणि माती खडीला चिकटून राहावी म्हणून थोडं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घालायचं. रोलर फिरवला की खडीला खडी टेकते, भार दगड पेलतात, आणि मधल्या पोकळ्यांतली माती दाबली जात नाही. थर दोन ते तीन फूट जाडीचा. चूक होते ती मिसळताना : जेल वगळलं किंवा मिश्रण फार कोरडं राहिलं, तर ट्रकच्या हादऱ्यांनी माती तळाशी बसते आणि वर नुसती खडी उरते. माती जास्त घातली तर दगड एकमेकांपासून सुटतात आणि भार पुन्हा मातीवर येतो. चुनखडीची खडी वापरली तर मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि काही जातींची पानं पिवळी पडतात. शिवाय या थरात खरी माती पाचवा हिस्साच असते, हे विसरून आकारमान मोजलं की झाड पुन्हा उपाशी. त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे आधारांवर तोललेली फरशी आणि खाली मोकळी, न दाबलेली माती ही रचना आम्हाला अधिक भरवशाची वाटते, खर्च जास्त असला तरी.

स्टॉकहोमने आणखी वेगळी वाट धरली. 100 ते 150 मिलिमीटरचे मोठे दगड आधी दाबून बसवायचे, मग त्यांच्या फटींत पाण्याच्या फवाऱ्याने माती उतरवायची. वर धुतलेल्या खडीचा हवेशीर थर, त्यावर भूवस्त्र (थर वेगळे ठेवणारं, पाणी जाऊ देणारं कापड) आणि मग फरशी. रस्त्यावरचं पावसाचं पाणी चेंबरमधून या हवेच्या थरात सोडतात, तिथून ते मुळांपर्यंत पसरतं. वेअरिंगचे नळ जे पाणी बाहेर काढत होते, तेच इथे आत घेतलं जातं.

मात्र आत घेतलेलं पाणी पुढे जायलाही हवं. चिकणमातीत यंत्राने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती बकेटच्या घासण्याने गुळगुळीत होतात आणि खड्ड्याची टाकी बनते. मुळं गुदमरतात आणि पानं सुकल्यासारखी दिसतात, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. लागवडीआधी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते मुरू द्यावं, पुन्हा भरावं आणि पातळी किती उतरते ते मोजावं. तासाला इंचापेक्षा कमी उतरली तर तळाशी निचऱ्याचा नळ घालावाच लागतो. चेंबरमधला गाळाचा कप्पा वेळोवेळी उपसावा, नाहीतर बारीक गाळ हवेच्या थरात शिरून दगडांमधल्या फटी बुजवतो, आणि तो बाहेर काढायला फरशी उखडण्यावाचून मार्ग उरत नाही.