हॅलिफॅक्स रेनमेन

कॅनडातील नोव्हा स्कोशा प्रांताची राजधानी असलेल्या हॅलिफॅक्स या बंदराच्या शहरातील व्यावसायिक बास्केटबॉल संघ. २००७ ते २०१५ या काळात आठ हंगाम आणि तीन वेगवेगळ्या लीग या संघाने पाहिल्या. दोनदा तो अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला, पण विजेतेपद एकदाही हाती लागले नाही. दुसऱ्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामना तर तो खेळलाच नाही, आणि त्यानंतर तीनच महिन्यांत त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनडातील दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर विजेत्या संघांपेक्षा या संघाकडे पाहावे. तिथल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकट्या रेनमेनच्या वाट्याला आल्या.

बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ कॅनडाचाच, ऑन्टॅरिओतील अल्मॉन्ट गावचा. आज एनबीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च बास्केटबॉल लीगचा पहिला सामनाही १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरोंटोत झाला. टोरोंटो हस्कीज तो न्यूयॉर्क निक्सकडून ६६-६८ असा हरले. तरीही पुढची जवळपास पन्नास वर्षे, म्हणजे १९९५ मध्ये टोरोंटो रॅप्टर्स आणि व्हँकूव्हर ग्रिझलीज येईपर्यंत, कॅनडाला एनबीएचा कायमचा संघ मिळाला नाही. हिवाळा हॉकीचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, बंदिस्त मैदानेही तिचीच. बास्केटबॉलला उरलेल्या तारखा मिळत.

हॅलिफॅक्सची गोष्ट थोडी वेगळी होती. या शहराला बास्केटबॉलची जुनी ओढ आहे. कॅनडातील विद्यापीठांच्या पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९८४ पासून २००७ पर्यंत दरवर्षी इथेच, शहराच्या मध्यभागी सिटाडेल टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या हॅलिफॅक्स मेट्रो सेंटरमध्ये होत असे. नोव्हा स्कोशातील कृष्णवर्णीय समाजाची मुळे इथे दोन शतकांहून जुनी आहेत, आणि नॉर्थ प्रेस्टनसारख्या वस्त्यांत व शहराच्या उत्तर भागात हा खेळ गल्लीतला खेळ आहे. पुढे एनबीएत खेळलेले लिंडेल विगिंटन (नॉर्थ प्रेस्टन) आणि नेट डार्लिंग (बेडफर्ड) याच परिसरात वाढले. म्हणजे प्रेक्षक होते. खेळ पाहण्याची नजरही होती.

रेनमेनच्या आधी इथे हॅलिफॅक्स विंडजॅमर्स नावाचा संघ होऊन गेला होता. १९९१ मध्ये तो वर्ल्ड बास्केटबॉल लीगमध्ये उतरला. या लीगमध्ये खेळाडूच्या उंचीवर मर्यादा होती, सुरुवातीला ६ फूट ५ इंच आणि नंतर ६ फूट ७ इंच. खेळ चपळ व्हावा, हा हेतू. लीगचा कर्ताधर्ता मिकी मोनस हा अमेरिकेतील फार-मोर या औषध दुकानांच्या साखळीचा प्रमुख होता आणि त्याच कंपनीचा पैसा तो गैरमार्गाने लीगमध्ये ओतत होता. १९९२ मध्ये हा घोटाळा उघडकीस आला आणि लीग हंगामाच्या मध्यावरच कोसळली. विंडजॅमर्स पुढे नॅशनल बास्केटबॉल लीग या कॅनडाच्या नव्या लीगमध्ये गेले, पण तीही १९९४ मध्ये हंगाम पुरा न करताच बंद पडली. दोन्ही वेळा संघाला मैदानावर कोणी संपवले नाही. ज्या लीगवर तो उभा होता ती लीगच खचली. रेनमेनचा पुढचा प्रवास वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

आंद्रे लेविंग्स्टन हा मूळचा अमेरिकेतील डेट्रॉइटचा. त्याने २००६ मध्ये हॅलिफॅक्सला संघ आणण्याचे ठरवले आणि २००७-०८ च्या हंगामात रेनमेन प्रथम कोर्टावर उतरले. बास्केटबॉलच्या बोलीत दुरून एकामागून एक बास्केट टाकणे म्हणजे पाऊस पाडणे. पाऊस पाडणारी माणसे ती रेनमेन. अटलांटिकच्या काठावरच्या, वर्षभर भिजणाऱ्या शहराला हे नाव शोभणारेच होते. वेळही अचूक साधली गेली. विद्यापीठांची ती स्पर्धा २००८ पासून ओटावाला हलवली गेली, आणि मार्च महिन्यात मेट्रो सेंटरकडे वळण्याची सवय लागलेल्या लोकांना पाहायला घरचा संघ मिळाला.

पहिली लीग होती अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, अर्थात एबीए. १९६७ ते १९७६ या काळातल्या प्रसिद्ध एबीएचे नाव घेऊन २००० च्या सुमारास उभी राहिलेली ही लीग. तिच्यात संघ काढणे अगदी स्वस्त होते, त्यामुळे दरवर्षी डझनावारी संघ जन्माला येत आणि तितकेच मरत. ठरलेल्या सामन्याला पाहुणा संघ पोहोचलाच नाही, असे प्रकार या लीगमध्ये वारंवार घडत. हॅलिफॅक्ससारख्या टोकाच्या शहराला त्याची झळ जास्त बसली. बोस्टनहून हॅलिफॅक्सला रस्त्याने यायचे तर हजार किलोमीटरहून अधिक अंतर, वर आंतरराष्ट्रीय सीमा. खिशात पैसे नसलेला संघ सगळ्यात आधी हाच दौरा टाळणार.

पाहुणा संघ आला नाही तर यजमानाचे काय होते, हे समजायला हॉकीच्या मैदानात बास्केटबॉल कसा खेळवतात ते पाहावे लागेल. मेट्रो सेंटर हे मुळात बर्फाच्या रिंकचे सभागृह. १९९४ पासून हॅलिफॅक्स मूसहेड्स हा ज्युनियर हॉकी संघ तिथे खेळतो. बास्केटबॉलसाठी बर्फ वितळवत नाहीत. बर्फावर थंडी अडवणाऱ्या जाड फळ्या अंथरतात आणि त्यांच्यावर लाकडी कोर्टाचे तुकडे एकमेकांत अडकवत संपूर्ण मैदान जुळवतात. मग चाकांवरचे बास्केटचे खांब आत ढकलतात, वजने टाकून जागी पक्के करतात, काठाला खुर्च्यांच्या रांगा लावतात. सामना संपला की सगळे उलट्या क्रमाने उचलायचे, कारण सकाळी हॉकीवाल्यांना बर्फ हवा असतो. खाली बर्फ तसाच असल्यामुळे कोर्टालगत बसणाऱ्याच्या पायांना गारवा लागतो. राखीव खेळाडू गुडघ्यांवर टॉवेल टाकून बसलेले दिसतात. एवढी मांडामांड करणाऱ्या माणसांची मजुरी, सभागृहाचे भाडे, विकलेली तिकिटे, छापलेल्या जाहिराती, हे सगळे झाल्यावर समोरचा संघ आलाच नाही, तर नुकसान फक्त त्या रात्रीपुरते राहत नाही. पुढचे तिकीट घेताना माणूस विचार करतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा नसलेल्या लीगमध्ये संघाचे पोट तिकीट खिडकी आणि गावातले प्रायोजक यांच्यावरच चालते, आणि दोन्हीकडे विश्वासाशिवाय काही मिळत नाही.

एबीएला कंटाळून बाहेर पडलेल्या संघांनी २००८ मध्ये प्रीमियर बास्केटबॉल लीग सुरू केली. रेनमेन तिच्यात गेले आणि तीन हंगाम खेळले. शिस्त आधीपेक्षा बरी होती, पण इथे दुखणे दुसरेच निघाले. लीगच्या कारभारात ज्याचा शब्द चालत होता तोच अमेरिकेतील रॉचेस्टर रेझरशार्क्स या बलाढ्य संघाचा मालक होता. २०११ च्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पंचांच्या निर्णयांवरून वाद पेटला. रॉचेस्टर विजेते ठरले, आणि हॅलिफॅक्स रेनमेन, क्वेबेक केब्ज व सेंट जॉन मिल रॅट्स हे कॅनडाचे तिन्ही संघ लीगमधून बाहेर पडले.

या बाहेर पडण्यातून २०११ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग ऑफ कॅनडा उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत लेविंग्स्टनचा मोठा वाटा होता. या तिघांना लंडन लाइटनिंग, मंक्टन मिरॅकल्स, ओशावा पॉवर आणि समरसाइड स्टॉर्म हे नवे चार संघ येऊन मिळाले. सातांपैकी चार संघ देशाच्या पूर्व टोकाच्या सागरी प्रांतांतले होते. रेनमेनसाठी ही सर्वात मोठी कमाई. मंक्टन तर रस्त्याने तीन तासांच्या आत. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या समरसाइडलाही जवळपास १३ किलोमीटर लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलावरून बसने जाता येई. शेजारच्या गावाशी चुरस असल्याशिवाय कुठल्याच खेळाला रंग चढत नाही, आणि ती चुरस हॅलिफॅक्सला चार वर्षांनी पहिल्यांदा मिळाली. संघात काही खेळाडू कॅनडाचे असलेच पाहिजेत, असा नियमही या लीगने केला. तोवर परदेशातच व्यावसायिक खेळ शोधणाऱ्या कॅनेडियन तरुणांना त्यामुळे घरी जागा मिळाली.

पहिल्याच हंगामात, २०१२ च्या वसंतात, रेनमेन अंतिम मालिकेत पोहोचले. समोर लंडन लाइटनिंग. हे लंडन ऑन्टॅरिओतले. साखळी फेरीत २८ विजय आणि ८ पराभव अशी कामगिरी करून आलेल्या या संघाचा प्रशिक्षक होता एनबीएत गाजलेला मायकल रे रिचर्डसन. पाच सामन्यांची मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली आणि लंडनने ती ३-२ अशी जिंकली. रेनमेनचा बास्केटबॉलमधला सर्वोत्तम काळ हाच, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. नव्या देशी लीगचा पहिला चषक एका विजयाच्या अंतरावर होता.

शहरात मात्र स्पर्धा होतीच. २०१३ मध्ये मूसहेड्सने नेथन मॅकिनन आणि जोनाथन द्रुआँ या तरुणांच्या जोरावर मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर हॉकीचा देशातला सर्वोच्च चषक जिंकला. एकाच सभागृहात, एकाच हिवाळ्यात, जवळपास चार लाख वस्तीच्या शहरात दोन संघ तिकिटे विकत होते; त्यांतल्या एकाकडे उद्याचा एनएचएलचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगचा तारा होता.

२०१५ मध्ये रेनमेन पुन्हा अंतिम मालिकेत आले. प्रतिस्पर्धी होता गतविजेता विंडसर एक्सप्रेस. विंडसर हे ऑन्टॅरिओच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले शहर. नदीपलीकडे डेट्रॉइट, म्हणजे लेविंग्स्टनचे मूळ गाव. हॅलिफॅक्सपासून रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून अधिक, ढोबळमानाने मुंबई ते कोलकाता एवढे अंतर. सात सामन्यांची मालिका ३-३ अशी बरोबरीत आली आणि ३० एप्रिलला विंडसरच्या डब्ल्यूएफसीयू सेंटरमध्ये सातवा सामना ठरला. मालिकेत आधीपासून कडवटपणा साचला होता. त्या दिवशी सकाळी, संध्याकाळच्या सामन्याआधी कोर्टावर हात मोकळे करण्याचा जो छोटा सराव असतो, त्या वेळी दोन्ही संघ समोरासमोर आले आणि हाणामारी झाली. खेळाडूंच्या सुरक्षिततेचे कारण देऊन रेनमेन संध्याकाळी मैदानात उतरले नाहीत. विंडसरला न खेळताच विजेते घोषित करण्यात आले.

लीगने रेनमेनला २० हजार डॉलर आणि प्रत्येक खेळाडूला ५ हजार डॉलर दंड ठोठावला, संघाच्या मुख्य प्रशिक्षकावर आजीवन बंदी घातली. महिन्याच्या महिन्याला बेताच्या पगारावर खेळणाऱ्यांसाठी ५ हजार डॉलर ही मोठी रक्कम होती. बहुतेक खेळाडू दूरवरून आलेले, हंगाम संपला की विमान पकडून घरी जाणारे. चषकासाठी हंगामभर राबलेली ती माणसे त्या रात्री चेंडूला हातही न लावता परतली. ज्या संघाने २००८ मध्ये न येणाऱ्या पाहुण्यांमुळे एक लीग सोडली होती, त्याच्या इतिहासातला शेवटचा सामनाही न झालेलाच ठरला. त्या सकाळी चूक कोणाची किती, यावर दोन्ही शहरांत वेगवेगळी मते राहिली. पण न खेळण्याची किंमत हॅलिफॅक्सनेच मोजली. प्रायोजकांपुढे आणि वार्षिक तिकीटधारकांपुढे पुन्हा उभे राहणे कठीण झाले आणि जुलै २०१५ मध्ये संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला.

लीगला मात्र हॅलिफॅक्स सोडून चालणार नव्हते. त्याच वर्षीच्या हंगामासाठी नव्या मालकांनी हॅलिफॅक्स हरिकेन्स हा संघ उभा केला. सभागृह तेच, नाव मात्र आता स्कोशियाबँक सेंटर. माइक लेस्ली यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने पहिल्याच हंगामात, २०१६ मध्ये, लंडन लाइटनिंगला सात सामन्यांच्या मालिकेत ४-३ असे हरवून विजेतेपद मिळवले. चार वर्षांपूर्वी ज्या संघाने रेनमेनचा घास हिरावला होता, त्याच संघाविरुद्ध, आणि या वेळी सातवा सामना खेळून. २०१७ आणि २०१८ मध्ये अंतिम मालिकेत पुन्हा हेच दोन संघ आले. दोन्ही वेळा लंडन जिंकले.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे हंगाम अर्ध्यावर थांबवण्यात आला. लीग २०२२ मध्ये परत सुरू झाली तेव्हा तिच्यात लंडन, विंडसर, सडबरी आणि किचनर-वॉटरलू असे ऑन्टॅरिओचे चारच संघ होते. हरिकेन्ससह अटलांटिक प्रांतांतला एकही संघ परतला नाही. २०२३ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग ऑफ कॅनडाही संपुष्टात आली.